हौस फिटणे आणि चाफा न बोलणे

सर्जनाची मीमांसा करताना आपल्या समीक्षेने निर्मितीच्या उगमाचा विचार पुष्कळ केला. निर्मिती थांबण्याचा विचार त्या मानाने फारच थोडा केला. जो केला तोही नामवंतांच्या संदर्भात. एखादा मान्यवर कवी लिहायचा थांबतो तेव्हा त्याच्या मौनालाही वाङ्मयीन अर्थ प्राप्त होतो. विंदा करंदीकरांच्या ‘विरूपिका’ आणि ‘अष्टदर्शने’ (२००३) या दोन संग्रहांमधील दोन दशकांच्या अंतराविषयी आपण आजही कुतूहलाने बोलतो. परंतु कचेरीतून परतल्यावर जलरंगांची पेटी उघडणारा कारकून, रविवारी सकाळी सतार घेऊन बसणारी शिक्षिका, दिवाळी अंकाला वर्षाकाठी एक कथा पाठवणारा दुकानदार यांपैकी कोणी थांबले, तर त्या थांबण्याची दखल कोणी घेत नाही. काय घडले हे त्यांचे त्यांनाही सांगता येत नाही. अशा थांबण्यात काही नैतिक प्रश्न संभवतो काय? छंद सोडणाऱ्याने कोणाचे काही देणे बुडवलेले असते काय?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. मी वारजे येथे राहतो. वारजे माळवाडीच्या थांब्यावर बस पकडून डेक्कनपर्यंतच्या प्रवासात मी अकरा वर्षे रेखाटने केली. चित्रकलेचे शिक्षण नाही, प्रदर्शनाची आकांक्षा नाही. खिशात मावेल अशी वही आणि काळ्या शाईचे पेन एवढेच साहित्य. समोरच्या बाकावर पेंगणारे प्रवासी, दांडीला धरलेले हात, मांडीवरच्या भाजीच्या पिशव्या, कर्वेनगरला गर्दी आत शिरली म्हणजे एकमेकांना टेकणारे खांदे. अशा वीसबावीस वह्या भरल्या. चार वर्षांपूर्वी हे थांबले. काही घडले म्हणून थांबले नाही. आधी मी गर्दीला दोष दिला, मग चाळिशीच्या चष्म्याला. पुढे एका परिचिताने विचारले तेव्हा मी सहज म्हणून गेलो, “बर्नआउट झालं आहे.” त्या उत्तराने त्याचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही.

कारण हा शब्द मुळात माझ्या उपयोगाचा नव्हता. ग्रॅहम ग्रीनची ‘अ बर्न्ट-आउट केस’ ही कादंबरी इंग्रजीत १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक केरी हा ख्यातनाम वास्तुशिल्पी कीर्तीला आणि निर्मितीला विटून आफ्रिकेतील एका कुष्ठधामात येऊन राहतो. शीर्षकातील शब्दप्रयोग कुष्ठरोगचिकित्सेतला आहे. ज्या रुग्णाचा रोग बोटे आणि पावले खाऊन अखेर स्वतःच विझला, ज्याच्यापासून आता कोणाला संसर्ग नाही आणि ज्याला आता वेदनाही नाही, तो ‘जळून संपलेला’ रुग्ण. म्हणजे या रूपकात जळून संपते ते रोगाचे. रुग्णाच्या वाट्याला थोटेपण आणि बरे होणे या दोन्ही गोष्टी एकदमच येतात. पुढे १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द सेवाभावी दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या थकव्यासाठी योजला, आणि तेथून तो नोकरीपेशाच्या जगात पसरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची व्याख्या केली, ती व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणूनच. जीवनाच्या अन्य क्षेत्रांतील अनुभवांना हा शब्द लावू नये, असेही तेथे बजावले आहे.

आरोग्य संघटनेची ही सूचना प्रशासकीय सोयीची असेल. तरीही तिच्यातून एक तात्त्विक मुद्दा निघतो. व्याख्येप्रमाणे छांदिष्टाला ‘बर्नआउट’ होऊच शकत नाही. तो जेव्हा हा शब्द स्वतःला लावतो तेव्हा तो रोगनिदान करत नसतो. नकळत एक कबुली देत असतो. आपल्या छंदाची केव्हातरी नोकरी झाली, आणि ती केव्हा झाली हे आपल्या ध्यानात आले नाही, ही ती कबुली.

मराठीत या अवस्थेला एक शब्द नाही. ही उणीव नसून भाषेचे शहाणपण असावे, असे मला वाटते. आपल्याकडे निरनिराळ्या थांबण्यांना निरनिराळे शब्द आहेत आणि प्रत्येकाबरोबर येणारे क्रियापद बोलके आहे. शीण येतो आणि तो उतरतो; तो देहाचा आहे, त्याला विश्रांती पुरते. वीट येतो तो एकाच गोष्टीच्या अतिरेकाने. त्याला पालट पुरतो. मन उडते तेव्हा दोष विषयाकडे गेलेला असतो, त्याचे मोल आपल्या लेखी उतरलेले असते. आणि हौस फिटते. ‘हवस’ या अरबी शब्दापासून फारसीमार्गे आलेल्या ‘हौस’ला मराठीने जोडून दिलेले हे क्रियापद विलक्षण आहे. फिटते ते ऋण. फिटते ती गाठ. डोळ्यांचे पारणेही फिटते. हौस फिटणे म्हणजे हौस मरणे नव्हे. जे देणे होते ते देऊन झाले, जी गाठ होती ती सुटली, उपास होता तो सोडला. या थांबण्यात तक्रार नाही, म्हणून त्याला उपायही नको.

आमच्या इमारतीतील एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, चाळीस वर्षे पेटी वाजवत. साथीला बसत, एकटेही वाजवत. एके दिवशी त्यांनी भाता बांधला तो बांधलाच. घरच्यांना काळजी वाटली. कोणी डॉक्टर सुचवला, कोणी नवी पेटी घेऊन देऊ केली, सोसायटीच्या गणेशोत्सवात त्यांचा कार्यक्रम ठेवण्याचाही घाट घातला गेला. ते मला एवढेच म्हणाले, “अहो सर, हौस फिटली. यांना ते आजारपण वाटतंय.” प्रारंभी मलाही ते आजारपणच वाटले होते, किंवा हार झाकण्यासाठी शोधलेला सभ्य शब्द. परंतु हे गृहस्थ अजूनही सवाई गंधर्व महोत्सवाला जातात. समोरच्या पेटीवाल्याची एखादी जागा रंगली की मान हलते आणि परतताना तीच जागा गुणगुणतात. दुसऱ्याच्या वादनाने त्यांना आनंदच होतो. माझे तसे नव्हते. अप्पा बळवंत चौकात गेलो तरी कागद-पेनांच्या दुकानाच्या फळीकडे मी पाहत नसे. बसमध्ये कोणी तरुण मुलगी वही उघडून रेखाटताना दिसली की मी खिडकीबाहेर पाहू लागे. हे दोन्ही थांबणेच. परंतु त्यांना एका नावाने हाक मारणे ही फसवणूक आहे.

येथे नैतिक प्रश्न खरा सुरू होतो. छंद चालू ठेवणे हे कर्तव्य आहे काय, हा प्रश्न मला तितका कठीण वाटत नाही. कांटने १७८५ च्या आपल्या नीतिमीमांसेत अंगच्या गुणांचा विकास करणे हे माणसाचे स्वतःविषयीचे कर्तव्य मानले आहे. सुखासीनतेपायी गुण गंजू देणारा मनुष्य हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पण त्यानेच या कर्तव्याला ‘अपूर्ण’ कर्तव्यांत घातले. म्हणजे कोणता गुण, केव्हा आणि किती वाढवावा याची मोकळीक कर्त्याला ठेवली. बसमधील रेखाटने सोडून मी बागकामाला लागलो असतो तर कांटला त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे अशा वेळी गीता पुढे केली जाते. फळाची आस सोड आणि करीत राहा, असा सल्ला मलाही मिळाला. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यांनी एक गोष्ट नजरेआड केली. गीतेचा उपदेश नियत कर्म ज्याच्या वाट्याला आले आहे आणि जे टाकून त्याला जाता येत नाही, त्याच्यासाठी आहे. अर्जुनाला रणांगण सोडण्याची मुभा नव्हती. मला वही मिटण्याची होती. जे केव्हाही सोडता येते त्यालाच छंद म्हणतात. सोडता येत नाही ते एक तर कर्तव्य असते, नाही तर व्यसन. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील इव्हाग्रियस या संन्याशाने ‘अकेडिया’ नावाच्या अवस्थेचे वर्णन केले आहे. भर दुपारी साधूला सूर्य पुढे सरकत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो, कोठडीचा आणि हातातल्या कामाचा तिटकारा येतो. आधुनिक लेखक आपल्या मरगळीला हे जुने भारदस्त नाव आवडीने देतात. पण अकेडिया हे पाप ठरले ते व्रत घेतलेल्यासाठी. माझ्यासारख्याने कोणते व्रत घेतले होते?

तेव्हा थांबण्यात अपराध नाही. अपराध असलाच तर तो थांबण्याला खोटे नाव देण्यात आहे. हौस फिटलेली नसताना ती फिटली असे सांगणे, अथवा ती शांतपणे फिटली असताना ‘मी संपलो’ असा आक्रोश करून सहानुभूती गोळा करणे, या दोन्ही गोष्टी स्वतःशी केलेल्या अप्रामाणिकपणाच्या आहेत. पहिली माझ्या हातून घडत होती. मी ‘बर्नआउट’ म्हणालो त्याऐवजी ‘हौस फिटली’ म्हणालो असतो तर ते अधिकच खोटे ठरले असते.

आपले काव्यशास्त्र या बाबतीत अगदी मुके नाही, परंतु त्याच्याकडे आपण या प्रश्नासाठी जात नाही. मम्मटाची सहा प्रयोजने आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. काव्य कशासाठी करावे हे ती सांगतात, न करणाऱ्याचे काय होते हे सांगत नाहीत. राजशेखर मात्र अधिक संसारी आहे. पणजोबांना ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणून अभिमानाने मिरवणारा आणि इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकाच्या सांध्यावर कनोजच्या दरबारात वावरलेला हा पंडित ‘काव्यमीमांसे’त कवींचे प्रकार सांगतो, त्यांतला एक भेद कवी केव्हा लिहितो यावरून केलेला आहे. सूर्याचेही दर्शन न घेता अखंड काव्यात बुडालेला ‘असूर्यम्पश्य’. वृत्ती होईल तेव्हा रचणारा, पण तेवढा न बुडालेला ‘निषण्ण’. सेवाचाकरी सांभाळून उरलेल्या वेळात लिहिणारा ‘दत्तावसर’. आणि प्रसंगापुरता लिहिणारा ‘प्रायोजनिक’. छांदिष्ट कलावंताला ‘दत्तावसर’ याहून नेमके नाव मला अन्यत्र आढळलेले नाही. त्यात कमीपणा नाही. तो चारांतला एक प्रकार आहे. राजशेखर या कवीला सोयीच्या वेळाही सुचवतो. रात्रीच्या अखेरच्या प्रहराचा उत्तरार्ध, जेवणानंतरचा स्वस्थ काळ, आणि ज्याने मला अक्षरशः थक्क केले तो पालखीतला प्रवास. इतर विषयांपासून सुटलेले मन प्रवासात ज्यावर ठेवावे त्याला चिकटून बसते, असे कारण तो देतो. वारजे-डेक्कन बसला पालखी म्हणणे धाडसाचे होईल, पण मुद्दा तोच आहे.

एक गोष्ट मात्र राजशेखर दत्तावसर कवीकडून मागत नाही, ती म्हणजे हिशेब. हा हिशेब माझ्याकडे कसा आला ते आता सांगतो. थांबण्याच्या आधीच्या वर्षी एका स्नेह्याच्या आग्रहावरून मी ‘रोज एक चित्र’ असा नेम केला. कोपऱ्यात क्रमांक घालू लागलो आणि चित्र संध्याकाळी मित्रांच्या गटात पाठवू लागलो. त्या वर्षी चित्रे सुधारली, हे कबूल केले पाहिजे. हात वळणदार झाला. परंतु हळूहळू मी बसमध्ये चढताना माणसांकडे न पाहता ‘आजचे’ माणूस शोधू लागलो. पूर्वी आधी कोणाचा तरी हात दिसे आणि मग वही निघे. आता आधी क्रमांक लिहिला जाई आणि मग हाताचा शोध सुरू होई. दोनशे बाराव्या क्रमांकापाशी सगळे थांबले. पुढच्या पानाच्या कोपऱ्यात ‘२१३’ लिहिलेले आहे आणि पान कोरे आहे.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला प्रयोग येथे आठवतो. आपणहून चित्रे काढणाऱ्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले गेले. काही दिवसांनी वर्गात पुन्हा रंग ठेवले तेव्हा ती मुले पूर्वीपेक्षा कमी वेळ चित्रांकडे वळली. ज्यांना काहीच कबूल केले नव्हते, किंवा ज्यांना प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळाले, त्यांच्यात ही घट दिसली नाही. म्हणजे दोष बक्षिसात नव्हता. आधी झालेल्या करारात होता. प्रयोगशाळेतील निष्कर्षांवर साहित्याभ्यासकाने फार भार टाकू नये हे मला मान्य आहे. पण करार झाला की करणाऱ्याची दोन माणसे होतात, एक राबणारा आणि एक देखरेख करणारा, हे मी स्वतः अनुभवले आहे. छांदिष्टाच्या बाबतीत दोघेही एकाच पगारावर, म्हणजे बिनपगारी, असतात. त्यामुळे राबणाऱ्याला संप करण्याखेरीज दुसरा मार्ग राहत नाही.

या ठिकाणी मला कवी ‘बी’ यांच्याकडे वळावेसे वाटते. नारायण मुरलीधर गुप्ते (१८७२–१९४७) हे वऱ्हाडात सरकारी कारकुनी करणारे गृहस्थ. पूर्ण अर्थाने दत्तावसर. त्यांची पहिली कविता १८९१ मध्ये ‘करमणूक’मध्ये आली, आणि वाचकांच्या मनात ठसली ती ‘वेडगाणे’ ही कविता ‘मनोरंजन’मध्ये आली १९११ मध्ये. ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ चा, कवीच्या बासष्टाव्या वर्षीचा. साऱ्या आयुष्यात पन्नासच्या आत कविता. आजच्या मापाने हा माणूस ‘संपलेला’ म्हणावा लागेल, आणि तोही पुन्हापुन्हा. तथापि मराठी समीक्षेने त्यांच्या अल्पलेखनाला वांझपण म्हटलेले नाही. दोन कवितांमधली वर्षे कोणी मोजत नव्हते, आणि शीर्षकाखाली खरे नावही नव्हते.

‘चाफा बोलेना’ ही त्यांची कविता आज बहुतेकांच्या कानांत आहे ती वसंत प्रभूंच्या चालीत आणि लता मंगेशकरांच्या आवाजात. अभ्यासक तिचे वाचन गूढवादी, अद्वैतपर असे करत आले आहेत, आणि शेवटच्या ओळींना ते धरूनच आहे. कवीच्या चरित्रातील मौनाची ही कविता आहे, असा दावा मी करणार नाही. कवितेतून चरित्र काढण्याची खोड आपण कष्टाने सोडली आहे. पण थांबलेल्या माणसाने ती वाचली तर तिच्यातील कृतींचा क्रम त्याच्या नजरेत भरतो. चाफा बोलत नाही, चालत नाही, फुलत नाही. आणि तो खंत करतो आहे. हा खंतीचा उल्लेख फार महत्त्वाचा. खंत आहे म्हणजे हौस फिटलेली नाही. आमच्या काकांच्या पेटीला खंत नाही; म्हणून तिच्यावर ही कविता लागू पडत नाही. पुढे, कवितेत बोलणारी ‘ती’ चाफ्यापाशी हटून बसत नाही. फूल दे, असे एकदाही म्हणत नाही. ती आंब्याच्या बनात जाऊन मैनांबरोबर गाते, केतकीच्या बनात जाते, माळ हिंडून येते. परतल्यावर ती चाफ्याला बोलावते ते फुगडी घालायला, झिम्मा खेळायला. चाफा फुलतो तो या निमंत्रणानंतर, आणि त्या क्षणी मी कोण आणि चाफा कोण, दोघे असे उरलेच कोठे, असा प्रश्न उमटतो. आपण या प्रश्नाला नेहमी ब्रह्माकडे नेतो. त्याआधी तो वहीपाशी थांबवून पाहावा. राबणारा आणि देखरेख करणारा असे दोघे जेथे उरत नाहीत ती जागा, एवढाच त्याचा अर्थ घेतला तरी कविता लहान होत नाही.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतला पाहिजे. सगळेच खेळावर सोडले तर कलेतील कष्टांचे काय? रियाजाशिवाय पेटी वाजत नाही. माझा हात वळणदार झाला तो क्रमांकांच्या वर्षीच. आक्षेप योग्य आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. पण झिम्मा-फुगडीलाही दम लागतो आणि ताल लागतो; मुली मंगळागौरीच्या आधी आठवडाभर खेळ बसवतात, त्याला कोणी नोकरी म्हणत नाही. ‘छंद’ या शब्दाने वृत्त आणि इच्छा असे दोन्ही अर्थ संस्कृतापासून वागवले आहेत. ‘स्वच्छंद’ शब्दातही तो इच्छा घेऊन येतो, आणि छंदःशास्त्रात मात्रांचा काटेकोर हिशेब. मात्रा मोजण्याने इच्छा मरत नाही. मेली ती चित्रांची गणती करण्याने. मात्रा चित्राच्या आतल्या असतात. ‘२१३’ हा आकडा बाहेरचा होता. ही सीमारेषा प्रत्येकाची वेगळी असणार, आणि ती ओलांडली गेल्याचे कळते ते बहुधा ओलांडल्यानंतर.

गेल्या महिन्यात अप्पा बळवंत चौकातून एक वही घेतली. क्रमांक घालायचा नाही आणि कोणाला पाठवायची नाही, असे ठरवले होते. मग ध्यानात आले की हाही एक करारच झाला, तेव्हा ते ठरवणेही सोडून दिले. सध्या मी बसमध्ये नुसता पाहतो. परवा कर्वेनगरला चढलेल्या एका बाईंनी एका हाताने दांडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने झोपलेल्या मुलाचे डोके खांद्यावर सावरले होते. बस वळली की दोन्ही हात एकाच वेळी घट्ट होत. डेक्कन येईपर्यंत मी तेच पाहत होतो. संध्याकाळी जिन्यात काका भेटले. वहीचे त्यांना माझ्या मुलीकडून कळले होते. त्यांनी विचारले, “काय सर, उघडली का?”

“कोरी आहे,” मी म्हणालो.

“असू द्या की,” ते म्हणाले आणि गुणगुणत वर गेले.